बांबू हे झाड आहे, असं ठरवलं कुणी?

१८६१, १८९२, १९०९, १९१९, १९३५. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून हे आकडे विचारा, तो धडाधड सांगेल. पहिला कौन्सिल कायदा, दुसरा कौन्सिल कायदा, मोर्ले-मिंटो, माँटेग्यू-चेम्सफर्ड आणि शेवटी भारत सरकार कायदा. केंद्रात द्विगृही कायदेमंडळ कधी आलं, प्रांतात द्विदल राज्यपद्धती कधी आली, स्वतंत्र मतदारसंघ कुणाला मिळाले, सगळं तोंडपाठ. चार पर्यायांतून एक गोल काळा केला की एक गुण.

पण गडचिरोलीच्या लायब्ररीत बसून हे पाठ करताना एक साधा प्रश्न आपण विचारत नाही. दिल्लीच्या त्या कायदेमंडळात आपलं कोण होतं? चांदा जिल्ह्यातून, अहेरीतून, धानोऱ्यातून, एटापल्लीतून तिथे कोण बसलं होतं? आणि तिथे जे ठरलं, त्याचं आपल्या गावात पुढे काय झालं?

पत्रकारितेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, बातमीत आधी 'कोण' शोधा. इतिहासालाही तोच नियम लावून बघू.

केंद्रीय कायदेमंडळ म्हटलं की आपल्याला एकच तारीख आठवते, ८ एप्रिल १९२९. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकला, पत्रकं भिरकावली आणि पळून न जाता अटक करून घेतली. रील्समध्ये, सिनेमांत, भाषणांत हा प्रसंग आपण शंभर वेळा पाहिलाय. पण त्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी याच कायदेमंडळाच्या काळात एक कायदा झाला. त्याचा ना धूर झाला ना आवाज. तारीख होती २१ सप्टेंबर १९२७ आणि कायद्याचं नाव भारतीय वन कायदा. भगतसिंगांच्या बॉम्बने सभागृहात कुणाचा जीव गेला नाही. या कायद्याने मात्र आपल्या आज्या-पणज्याच्या हातातली कुऱ्हाड, बैलबंडी आणि बांबूची मोळी, तिन्ही गोष्टी संशयाखाली आणल्या.

त्या सभागृहात होतं कोण?

१९१९ च्या कायद्यानंतर केंद्रीय विधानसभेत १४५ सदस्य होते. त्यातले १०४ निवडून आलेले आणि ४१ सरकारने नेमलेले. ऐकायला बरं वाटतं, बहुमत निवडून आलेल्यांचं! पण त्यांना निवडून देत होतं कोण? ठरावीक महसूल भरणारे, आयकर भरणारे, मालमत्ता असणारे. १९३४ च्या निवडणुकीत सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात या सभेचे मतदार सुमारे १४ लाख होते. लोकसंख्या होती सुमारे २७ कोटी. शंभर माणसांत पूर्ण एक मतदारही भरत नव्हता.

आता आपल्याकडे या. नागपूर विभागाला सर्वसाधारण मतदारांसाठी एकच जागा होती. विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, बालाघाट आणि चांदा असे पाच जिल्हे. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. म्हणजे सिरोंच्याच्या गोदावरी काठापासून बालाघाटच्या डोंगरापर्यंत सगळ्यांचा मिळून एक माणूस. १९२३ साली या जागेवर स्वराज्य पक्षाचे बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकर होते, १९२६ च्या निवडणुकीत डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे आले. दोघेही नागपूरचे. शेजारच्या वऱ्हाडचे प्रतिनिधी होते वणीचे माधव श्रीहरी अणे, आपले लोकनायक बापूजी अणे.

ही माणसं लहान नव्हती. प्रश्न त्यांच्या बुद्धीचा नाही, देशप्रेमाचा तर नाहीच नाही. प्रश्न असा की त्यांना मत देणारा मतदार कोण होता. ज्याच्याकडे मालगुजारी आहे, वकिली आहे, दुकान आहे. मोहफुलं वेचणारी बाई त्यांची मतदार नव्हती. निस्ताराच्या हक्कावर घर शाकारणारा, कुंपण घालणारा माडिया त्यांचा मतदार नव्हता. ज्याला तुमच्या मताची गरज नाही त्याला तुमची अडचण आपसूक कळेल, अशी अपेक्षा आपण आजच्या आमदाराकडूनही करत नाही.

कामगारांसाठी निदान एक नेमलेला सदस्य होता, नारायण मल्हार जोशी. कामगार चळवळीतला हा मराठी माणूस वर्षानुवर्षं त्या सभागृहात मजुरांची बाजू मांडत राहिला. आदिवासींची जागा, निवडलेली असो की नेमलेली, त्या केंद्रीय सभेत नव्हतीच. पुढे १९३५ च्या कायद्याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडची प्रांतिक विधानसभा झाली तेव्हा ११२ पैकी एक जागा 'मागास क्षेत्रं आणि जमाती' यांच्यासाठी ठेवली. गोंडवानाच्या भूमीवर उभ्या असलेल्या प्रांतात ११२ पैकी एक!

आणि त्या सभेने केलं काय?

१९२७ च्या वन कायद्याचं उद्दिष्ट वाचलं तर फार साधं वाटतं. जंगलाविषयीचे, वनोपजाच्या वाहतुकीचे आणि लाकडावरच्या कराचे कायदे एकत्र करणं. म्हणजे नवं काही नाही, जुनंच नीट बांधून ठेवायचं. घरातले विखुरलेले कागद एका फाईलमध्ये लावावेत, तसं. अशा कामाला कोण विरोध करणार?

पण फाईलमध्ये काय लावलं ते बघा. १८७८ च्या वन कायद्यातली झाडाची व्याख्या तशीच उचलून नव्या कायद्यात ठेवली. झाड म्हणजे ताड-माडासारखी झाडं, बांबू, खुंट, झुडपं आणि वेतसुद्धा. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की बांबू गवताच्या कुळातला. कायद्याने त्याला झाड केलं. राखीव जंगलात मनाई असलेलं काम केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १९२७ चे ५०० रुपये! शिवाय गुन्ह्यात वापरलेली हत्यारं, गाड्या आणि जनावरं जप्त करायची तरतूद. गावाच्या भाषेत सांगायचं तर कुऱ्हाड गेली, बंडी गेली आणि बैलजोडीही गेली.

बुरुड समाजाचं पोट बांबूवर. गोंड-माडिया घराच्या भिंती, छप्पर, टोपल्या, सुपं, मासे धरायचे सापळे सगळे बांबूचे. बांबू झाड आहे की गवत, हा त्यांच्यासाठी परीक्षेतला प्रश्न नव्हता. तो रोजचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांना न विचारता लिहिलं गेलं. त्या वर्षीचं पावसाळी अधिवेशन सिमल्याला भरलं होतं. सिमल्यापासून धानोरा किती लांब, हे गूगल मॅपवर बघा आणि मग इंग्रजीत चाललेलं ते कामकाज डोळ्यांसमोर आणा.

आपला जिल्हा यादीत आहे, सभेत नाही

याहून मजेशीर, खरं तर चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. आपल्या भागाची नावं त्या काळच्या सरकारी कागदांत भरपूर सापडतात. फक्त ती सदस्यांच्या यादीत नसतात. ती असतात वगळलेल्यांच्या यादीत.

१८७४ साली गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने शेड्युल्ड डिस्ट्रिक्ट्स ॲक्ट केला. त्या कौन्सिलमध्ये तेव्हा एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. नेहमीचे कायदे जिथे सरसकट लागू करायचे नाहीत, अशा भागांचं एक शेड्युल म्हणजे अनुसूची त्यात जोडली होती. त्यात चांद्याच्या जमीनदाऱ्या होत्या. १९३५ च्या कायद्यानंतर १९३६ ला पुन्हा एक आदेश निघाला, 'अंशतः वगळलेल्या क्षेत्रांचा'. त्यातली नावं वाचा. अहेरी, धानोरा, दुधमाळा, गेवर्धा, झाडापापडा, खुटगाव, कोटगल, मुरूमगाव, पळसगड, रांगी, सोनसरी, चांदाळा, गिलगाव, पावीमुरांडा, पोटेगाव. एसटीच्या पाट्यांवर दिसणारी गावं. तुमच्यातल्या कित्येकांच्या आधार कार्डावर असलेली गावं.

वगळलेलं म्हणजे काय? तर १९३५ च्या कायद्याच्या कलम ९२ नुसार निवडून आलेल्या विधिमंडळाचा कायदा इथे आपोआप लागू होणार नाही. गव्हर्नरने तसं जाहीर केलं तरच होईल, आणि तेही त्याला हवे ते बदल करून. यामागे संरक्षणाचा हेतू होता, सावकार आणि बाहेरच्या ठेकेदारांपासून आदिवासींची जमीन वाचावी म्हणून, असं सांगणारे अभ्यासक आहेत. त्यात तथ्यही आहे. पण हिशोब बघा. ज्या माणसाला सभागृहात बसवलं नाही, त्यालाच पुढे सांगितलं की सभागृहाचे कायदे तुझ्यासाठी नाहीत, तुझं गव्हर्नर साहेब बघतील. आणि जंगलाचा जाच? तो काही वगळला नाही.

स्वातंत्र्यानंतर ही यादी फेकून दिली गेली नाही. ती संविधानात आली, पाचव्या अनुसूचीत. एक मोठा फरक करून. १९३६ ला गव्हर्नर हो म्हणाला तरच कायदा लागू होई. आता कायदा लागू होतो, पण राज्यपाल तो अनुसूचित क्षेत्रासाठी थांबवू शकतात किंवा बदलू शकतात. तुम्ही सगळे ज्या 'पेसा भरती'ची वाट बघता ना, तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, शिक्षक, ती याच अधिकारातून आलेली आहे. ९ जून २०१४ ची राज्यपालांची अधिसूचना पाचव्या अनुसूचीखालीच निघाली. भरती अडकली की आपण रस्त्यावर येतो, यायलाच हवं. पण ज्या अनुसूचीच्या जोरावर आपण जागा मागतो तिचं मूळ १८७४ च्या एका परक्या कौन्सिलच्या टेबलावर आहे, हे किती जणांना माहीत असतं?

मग ती सभा नुसतं नाटक होती का?

इथे काही मित्र म्हणतील, सोड ना, ब्रिटिशांचं कायदेमंडळ म्हणजे देखावा. त्यावर वेळ कशाला घालवायचा?

देखाव्याचा भाग होताच. १९२३ ला सभेचा विरोध असताना व्हाइसरॉयने स्वतःच्या अधिकारात मिठावरचा कर दुप्पट केला. सप्टेंबर १९२८ ला सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी आपलं निर्णायक मत विधेयकाच्या विरोधात टाकलं. पुढच्या वर्षी सरकारने ते वटहुकूम काढून आणलंच. सभागृहात हरलं तरी सरकार हरत नव्हतं.

तरीही जे तिथे बसले ते वाया गेले, असं मला वाटत नाही. त्याआधीच्या इम्पीरियल कौन्सिलमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १६ मार्च १९११ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक आणलं. वर्षभराने ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. बहुमत सरकारच्या खिशात आहे हे गोखल्यांना काय माहीत नव्हतं? पण त्यांनी मागणी कागदावर आणली, आकडे मांडले, सरकारला 'नाही' म्हणायला लावलं आणि ते 'नाही' कायमचं नोंदवून ठेवलं. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. तुमच्या धाकट्या भावंडांना जो हक्क मिळाला त्याची फाईल जवळजवळ शंभर वर्षं आधी उघडली गेली होती.

आणि बापूजी अणे? १९२७ ला ते केंद्रीय सभेचे सदस्य होते. तीन वर्षांनी, १० जुलै १९३० ला, तेच अणे पुसदच्या राखीव जंगलात विळा घेऊन गवत कापायला उभे राहिले आणि अटक करून घेतली. जंगल सत्याग्रह म्हणतात तो हाच. ज्या कायद्याच्या काळात आपण सभागृहात होतो, तोच कायदा जंगलात जाऊन मोडायचा, याला हिंमत लागते. सभागृहाची मर्यादा त्यांना आतून दिसली होती. मला वाटतं, अण्यांच्या आयुष्यातून आपल्या पिढीने एवढं तरी घ्यावं. कायदा बनतो ती खोली आणि कायदा लागतो ते जंगल, दोन्हीकडे जाऊन यावं लागतं.

आपला माणूस त्या गोल इमारतीत पोहोचायला बराच काळ लागला. १९६२ ला चांदा मतदारसंघातून पानाबारसचे लाल श्यामशाह अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले, आणि मुदत संपण्याआधीच राजीनामा देऊन बाहेर पडले. आज गडचिरोली-चिमूर ही लोकसभेची जागा आणि आरमोरी, गडचिरोली, अहेरी या विधानसभेच्या तिन्ही जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत. शून्यावरून आपण इथवर आलो. ही प्रगती छोटी नाही.

बांबू पुन्हा गवत झाला, कसा?

पण माझा मुद्दा पुढेच आहे. दिल्लीत आणि मुंबईत आपली माणसं बसायला लागली म्हणून बांबूचा प्रश्न सुटला का? नाही. १९५१ ला जमीनदाऱ्या गेल्या, त्यांचं जंगल सरकारकडे आलं, गावाकडे आलं नाही. निस्ताराचे हक्क कागदावर उरले. बांबू ठेक्याने कागद कारखान्याला जात राहिला आणि बुरुडाला मात्र चार काठ्यांसाठी हात जोडावे लागत राहिले. १९२७ ची व्याख्या तशीच होती. लोकसभेच्या निवडणुकांवर निवडणुका झाल्या, ती व्याख्या हलली नाही.

ती हलवली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्ही ऐकली असतील. नसतील ऐकली तर ऐका. या गावाने दोन गोष्टी ठरवल्या. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे आणि निर्णय घेण्याआधी अभ्यास करायचा. त्यासाठी गावात अभ्यासगट चालू केला. कायदा वाचायचा, समजला नाही तर विचारायचं, पुन्हा वाचायचा.

२००६ ला संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात गौण वनोपजाच्या यादीत बांबूचा स्पष्ट उल्लेख आहे. मेंढ्याने दावा दाखल केला आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. सुमारे १८०० हेक्टर जंगल. देशात असा हक्क मिळवणारी पहिली गावं म्हणून मेंढा आणि शेजारच्या मर्दा गावाचं नाव घेतलं जातं. पण हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि तिथे १९२७ पुन्हा आडवा आला. बांबू झाड, झाड म्हणजे लाकूड, लाकूड म्हणजे वनखातं. गाव मागे हटलं नाही. वनहक्क कायद्यातलं कलम दाखवत राहिलं. अखेर २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. पुढे गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनेही तीच वाट धरली. जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आज तेंदूपत्त्याचे व्यवहार स्वतः करतात.

आणि २०१७ च्या शेवटी संसदेने वन कायद्याच्या झाडाच्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्दच काढून टाकला. सुधारणेचं कारण जंगलाबाहेरच्या शेतातला बांबू हे होतं, जंगलातला बांबू आजही वनोपजच आहे. पण ९० वर्षं जो शब्द हलला नव्हता तो हलला. सहा वर्षं आधी मेंढ्याने तो प्रश्न ऐरणीवर आणून ठेवला होता.

तुम्ही एका सभेचे सदस्य आहात, माहीत आहे?

आता जरा स्वतःकडे बघा. १९३४ ला केंद्रीय सभेसाठी मत द्यायलाही मालमत्ता लागत होती. तुम्हाला आज ग्रामसभेत बसायला काय लागतं? वय वर्षं १८ आणि मतदार यादीत नाव. निवडणूक नाही, तिकीट नाही, डिपॉझिट नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या पाड्याच्या, गावाच्या संसाधनांवर बोलायचा अधिकार दिला. डॉ. मुंज्यांना आणि अण्यांना जी खुर्ची मिळवायला निवडणूक लढवावी लागली, तशी एक खुर्ची तुमच्या नावाने गावच्या समाजमंदिरात आधीच ठेवलेली आहे. खुर्ची म्हणजे सतरंजी, पण हक्क पक्का.

आणि आपण असतो कुठे? नागपूरच्या हॉस्टेलवर, पुण्याच्या अभ्यासिकेत, टेस्ट सिरीजच्या रांगेत. १९३५ च्या कायद्याची वैशिष्ट्यं पाठ करत. ज्या पिढीला कायदा वाचता येतो तीच ग्रामसभेत नसते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यावर ठराव वाचून सही करायची वेळ येते. मग कुणीतरी तयार ठराव घेऊन येतो, 'इथे अंगठा द्या' म्हणतो आणि गावाला नंतर कळतं की आपण कशाला संमती दिली.

हे काही बारीकसारीक बाबतीत होत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजावरून इतकी वर्षं जे चाललंय ते तुम्ही जाणताच. कुणाला रोजगार हवाय, कुणाला डोंगर आणि देव वाचवायचाय, आणि एकाच घरात दोन्ही मतं असू शकतात. कुठलं मत बरोबर हे मी इथे सांगणार नाही. पण गावाचं मत खाणीआधी विचारायचं की खाणीनंतर, यावर मला अजिबात शंका नाही. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला होता. १२ गावांच्या सभा झाल्या, बाराही गावांनी खाण नाकारली आणि ते देशाने ऐकलं. ग्रामसभेला विचारलं जाऊ शकतं. उत्तर द्यायला तिथे माणसं हवीत.

ग्रामसभा म्हणजे स्वर्ग, असंही कुणी समजू नये. बायका मागच्या रांगेत गप्प बसतात. तेंदूच्या पैशावरून भांडणं होतात. गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब होते आणि कागदावर मात्र झालेली दिसते. या जिल्ह्यात तर माणसाने तोंड उघडलं की इकडचे की तिकडचे, असा शिक्का मारायची जुनी सवय आहे. अशा ठिकाणी उभं राहून बोलायचं म्हणजे सोपं नाही. पण इम्पीरियल कौन्सिलमध्येही गोखल्यांकडे बहुमत नव्हतं. बोललेलं नोंदवलं गेलं, एवढंच त्यांच्या हाती होतं. आपल्या हाती त्याहून बरंच जास्त आहे.

आणि 'आता आपलंच राज्य, आता कोण न विचारता कायदा करणार' असंही म्हणू नका. २०१९ च्या मार्चमध्ये याच १९२७ च्या वन कायद्यात बदल करण्याचा मसुदा केंद्राने राज्यांना पाठवला होता. त्यात वन अधिकाऱ्यांना शस्त्रं वापरायचा अधिकार आणि त्याबद्दल कारवाईपासून संरक्षण देण्याचा प्रस्ताव होता. देशभर विरोध झाला आणि नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला गेला. मागे घेतला गेला कारण लोकांनी मसुदा वाचला. १९२७ ला वाचायला आपलं कुणी नव्हतं. २०१९ ला होतं. फरक एवढाच, आणि तो पुरेसा ठरला.

तर करायचं काय? मोठमोठं काही नाही.

तुमचं नाव गावच्या मतदार यादीत आहे की शहरात हलवलंय, ते आधी बघा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्रामसभेची नोटीस आणि विषयपत्रिका टाकायला सांगा, टाकली की प्रश्न विचारा. सुट्टीत घरी गेलात की इतिवृत्ताचं रजिस्टर मागून वाचा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही. वनहक्क कायदा मराठीत उपलब्ध आहे. तो आजीला, काकूला गोंडीत, माडियात समजावून सांगा. परीक्षेसाठी केलेल्या नोट्स पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडतील. चार-पाच जण जमले तर मेंढ्यासारखा अभ्यासगट सुरू करा. महिन्यातून एक संध्याकाळ, एक कलम. आणि जुन्या केंद्रीय सभेत कोण काय बोललं याची उत्सुकता असेल तर संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात त्या काळच्या चर्चा स्कॅन करून ठेवल्या आहेत. मोबाइलवर उघडतात. नागपूर विभागाच्या आपल्या प्रतिनिधीने जंगलाविषयी किती प्रश्न विचारले, ते स्वतः मोजा. मग तोच हिशोब आजच्या खासदार-आमदारांचा करा.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. परीक्षेत न विचारल्या जाणाऱ्या या चार तारखाही पाठ करून ठेवा. या दिवसांत गावोगावी ग्रामसभा भरतात. हजेरीच्या रजिस्टरमध्ये तुमच्या नावापुढे एक रकाना असतो. पुढच्या वेळी तो रिकामा राहिला, तर सिमल्याला दोष देता येणार नाही.